पाचवा फाउल

"तो फाउल माझा होता, हे टेबलाशी जाऊन तुम्ही का सांगितलंत?"

वऱ्हाडपांडे मॅडमनी वर पाहिलं नाही. ग्राउंडच्या कडेला बाकावर बसून त्या पंपाने बॉलमध्ये हवा भरत होत्या.

"तुझा होता म्हणून."

"पंचांना दिसलं नव्हतं."

"हो. त्यांना नाही दिसलं."

विचारणारी होती तेजल ढोमणे, महिला कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची कॅप्टन. मॅडम संघाच्या कोच. एकोणतीस वर्षांपूर्वी त्या इथे आल्या तेव्हा मुली ओढणी कमरेला बांधून खेळत आणि ग्राउंडवर एकच रिंग होती. येत्या मार्चमध्ये त्या निवृत्त होणार होत्या.

काल अंतिम सामना झाला. शेवटी शेवटी रिंगखाली तिघींची धडक झाली आणि पंचांनी फाउल तेजलच्याच संघातल्या सरला कुमरेवर दिला. सरलाचे आधीच चार झाले होते. पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर. सरला खाली मान घालून निघाली.

तेजलचेही चारच होते.

तेवढ्यात मॅडम उठल्या, गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलाशी गेल्या आणि म्हणाल्या, "चौदा नंबरचा नाही. धक्का आमच्या सहा नंबरचा."

सहा नंबर म्हणजे तेजल.

पंचांनी ते मान्य केलं. सरला परत आत गेली. तेजल बाहेर बसली. सामना एका गुणाने गेला.

"आपल्याच कॅप्टनला बाहेर काढणारी कोच मी पहिल्यांदाच बघितली," तेजल म्हणाली.

"मीपण."

पंप पुन्हा खालीवर होऊ लागला.

"याआधी तुम्ही कधी समोरच्यांच्या बाजूने टेबलाशी गेला नव्हतात."

"आपल्या बाजूने किती वेळा गेले?"

"पुष्कळ वेळा."

"तेव्हा नाही आलीस विचारायला."

तेजलने विषय बदलला.

"काल सकाळी समोरच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक तुमच्याबरोबर चहा पीत होते. कँटीनच्या मागे."

"कँटीनमध्ये जागा नव्हती."

"काय बोलत होते?"

"साखर फार पडली म्हणाले."

"आणि?"

"आणि मार्चनंतर आमच्याकडे या म्हणाले. त्यांच्या मुलींना शिकवायला."

तेजलला धक्का बसला. ही गोष्ट तिने नुसती अंदाजाने धरली होती. ती इतक्या सहज खरी निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

"तुम्ही काय म्हणालात?"

"विचार करते म्हटलं."

"म्हणजे नाही म्हणाला नाहीत."

"नाही म्हटलं नाही."

...

तेजलने बॅगेतून एक कागद काढला. प्राचार्यांच्या नावाचा अर्ज होता. मॅडमनी सामना मुद्दाम घालवला, चौकशी व्हावी, असं त्यात लिहिलं होतं. संघातल्या अकरा जणींनी सह्या केल्या होत्या. सगळ्यांत वर कॅप्टनची जागा तेवढी मोकळी होती. अकरा वाजता ऑफिस उघडलं की अर्ज आत जाणार होता. तो आत गेला की मॅडमची एकोणतीस वर्षं संपायची ती चौकशीतच.

"दाखव," मॅडम म्हणाल्या.

तेजलने कागद लांबूनच धरला. फाडतील की काय, असं तिला वाटलं. मग दिला.

मॅडमनी चष्मा लावून सगळा अर्ज वाचला. खिशातलं पेन काढलं.

"'दोन मिनिटं उरली होती' असं लिहिलंय. तीन मिनिटं चाळीस सेकंद होती. दोन मिनिटांत कोच काय घालवणार? तीन चाळीसमध्ये घालवता येतो."

त्यांनी आकडा खोडून नवा लिहिला. मग खाली अजून एक ओळ घातली. तेजल वाकून वाचत होती.

'त्या संघाने मॅडमना पुढच्या वर्षासाठी बोलावलं आहे व मॅडमनी नकार दिलेला नाही.'

"हे तुम्ही का लिहिताय?"

"तुम्ही लिहायचं राहून गेलं होतं."

"प्राचार्यांशी आधीच बोलणं झालंय का तुमचं?"

"नाही."

"मग अर्ज पक्का करून का देताय? ह्यात काहीतरी आहे, मॅडम. मी नाही फसायची."

"फसू नकोस," मॅडम म्हणाल्या. त्यांचं बोट आता सह्यांवरून खाली सरकत होतं. "सरलाचीपण आहे."

"पहिली सही तिचीच."

"अक्षर सुधारलं तिचं."

...

"काल धक्का लागल्यावर तू हात वर केला होतास?" मॅडमनी विचारलं.

फाउल करणाऱ्या मुलीने आपण होऊन हात वर करायचा, असा फार पूर्वी नियम होता. तो कधीच गेला. पण मॅडमच्या ग्राउंडवर अजून चालू होता.

"आता कोणीच करत नाही तसं."

"इथे करतात."

"ते प्रॅक्टिसमध्ये."

"अच्छा. प्रॅक्टिसमध्ये."

तेजलचे कान तापले. "मी आत असते तर आपण जिंकलो असतो. युनिव्हर्सिटीच्या संघात माझं नाव आलं असतं. सरलालाही असंच वाटतं. विचारा तिला."

"विचारलं. काल बसमध्ये."

"काय म्हणाली?"

"तेजलताई म्हणते तसंच, म्हणाली."

तेजल हसायला गेली, पण हसू आलं नाही.

"ही सही तिने वाचून केली का गं?"

तेजलने बॅगेची चेन लावली.

"काल पंचांनी तिचा नंबर दाखवला, तेव्हा तिने तुझ्याकडे बघितलं. तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

"ओठ हलले होते."

तेजलने ग्राउंडकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं. सिमेंटवर ऊन आलं होतं.

"'जा' म्हणाले मी तिला," ती हळूच म्हणाली.

मॅडमनी बॉल एकदा आपटून बघितला. बरोबर उसळला. त्यांनी दुसरा घेतला.

"तेव्हा सगळे रिंगकडे बघत होते," तेजल म्हणाली. "तुम्हाला कसं दिसलं?"

"सगळे बघत होतेच. मी अजून कशाला बघू?"

...

"मग टेबलाशी हे का नाही सांगितलंत? मी तिला जा म्हटलं ते?"

"तो फाउल नाही."

साडेदहा झाले असतील. ऑफिसचा शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन ग्राउंडच्या पलीकडून गेला. मॅडमनी कागदाची नीट घडी घातली, तिच्या हातात दिली आणि वर पेनही दिलं.

तेजलने घडी उघडली. वरची मोकळी जागा पाहिली. खालची पहिली सही पाहिली. ती गोल अक्षरात होती, ओळ सोडून थोडी खाली घसरलेली.

"तुम्ही तिकडे जाणार आहात का, ते खरं सांगा."

"अजून माहीत नाही."

"आणि मी हा अर्ज दिला तर?"

"तर प्राचार्य बोलावतील. मी जाईन."

तेजलने पेनाचं टोपण काढलं. परत लावलं. पुन्हा काढलं.

"मॅडम... सरलाचं नाव मी खोडू का?"

पंप थांबला. त्या सकाळी पहिल्यांदाच मॅडमनी तिच्याकडे सरळ पाहिलं.

"तिचं तिला खोडू दे. तू तुझं लिही."