हौसाईनं न घेतलेलं नाव

एका राज्यात सोन्याची एक घंटा होती. राजा विजयकेतूच्या सिंहासनाशेजारी ती टांगलेली असे. सूर्य उगवला की ती आपोआप वाजे, आणि ती वाजली की दरबारात कुणालाही खोटं बोलता येत नसे. त्यामुळे त्या राज्यात न्याय झटपट होई आणि लोक दाराला नुसती कडी घालून झोपत.

भस्मकेश नावाच्या मांत्रिकाला ती घंटा खुपत होती. त्यानं ती चोरली. पण सीमेजवळ येताच घंटा डोंगरासारखी जड झाली. राज्याबाहेर जाताना ती फक्त सरळ माणसाच्या हातात हलकी राही. भस्मकेशनं विचार केला, आपण सरळ होणं शक्य नाही, पण सरळ माणसाचं रूप तर चोरता येईल. त्यानं सीमेवरच्या एका लहानशा शेतात, शेळ्यामेंढ्यांच्या कुंपण घातलेल्या वाडग्यात ती घंटा पुरली आणि वर मंत्राची राख टाकली.

ते शेत होतं हौसाईचं आणि तिच्या घरधन्याचं. घरधन्याचं नाव आपण इतक्यात घेऊ नये, कारण हौसाईनंही ते कधी घेतलं नव्हतं. तिथल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घेतलं तर उखाण्यातच. हौसाई तर इतकी लाजाळू की, लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हाही ती गप्प उभी राहिली. शेवटी बायकाच भुकेनं कंटाळल्या आणि बाजूला झाल्या.

एके सकाळी घरधनी वाडग्यात खुंटी ठोकायला गेला. खुंटीखाली काहीतरी खणकन वाजलं. हौसाई भाकरी थापत होती. ती हात पुसत बाहेर आली, तर घरधनी नव्हता. खुंटी होती, दगड होता, मुंडासं होतं. आणि वाडग्यातल्या साऱ्या शेळ्या नि मेंढ्या राखेच्या रंगाच्या झाल्या होत्या. काळी कुठली, तांबडी कुठली, काही कळेना. सगळ्यांची तोंडं सारखी.

एवढ्यावर भागलं नाही. त्यांचे स्वभावही अदलाबदल झाले. मेंढ्या उड्या मारून घराच्या छपरावर चढल्या आणि तिथलं गवत खाऊ लागल्या. शेळ्या मान खाली घालून एकीमागं एक चालू लागल्या. पहिली विहिरीच्या काठानं गेली, म्हणून सगळ्या विहिरीच्या काठानं गेल्या. हौसाईनं आडवी जाऊन त्यांना थोपवलं.

दुपारी स्वतः राजा विजयकेतू अनवाणी चालत आला. त्याला राजज्योतिष्यानं पाण्यात पाहून घंटेचं आणि शापाचं सांगितलं होतं. राजा बोलत असताना एका शेळीनं त्याच्या गळ्यातला झेंडूचा हार मागून खायला घेतला. राजानं तो सावकाश काढून तिच्यापुढं धरला.

"बाई, तुझा नवरा यांच्यातच आहे. माझी घंटा त्याच्याच गळ्यात आहे, पण दिसत नाही. शाप असा, की ज्यांनी ज्यांनी त्याचं नाव कधी उच्चारलं, त्यांच्या जिभेवरून ते पुसलं गेलं. ज्योतिष्यानं सांगितल्यावर मी एकदा उच्चारलं, तर माझ्याही गेलं."

"माझ्या मनात आहे, महाराज," हौसाई म्हणाली.

"कारण तू ते कधी वापरलं नाहीस. आता पौर्णिमेच्या सूर्यास्ताआधी त्याच्या डोक्यावर हात ठेव आणि नाव घे. तो माणूस होईल."

"आणि चुकीच्या डोक्यावर हात पडला तर?"

"तर त्या डोक्याला तुझ्या नवऱ्याचं रूप मिळेल. तो तुझ्या घरात राहील आणि तुझा नवरा जन्मभर चरेल. नाव एकदाच चालतं, बाई."

राजा शेताच्या बांधावर तंबू ठोकून बसला. घंटेवाचून त्याला दरबारात करण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवसापासून हौसाईचा कुणावरच विश्वास राहिला नाही. शेळीचं दूध काढायचं तर ती आधी लांबून विचारी, "अहो, तुम्ही नाही ना?" हाकलताना काठी उगारी आणि तशीच खाली घेई. छपरावरच्या मेंढ्यांना ती म्हणे, "उतरता का जरा? तुम्ही असाल तरी उतरा, नसाल तरी उतरा." सारे तिच्याकडे बघत आणि रवंथ करत.

एके दिवशी एका मेंढ्याच्या पाठीवर साळुंकी येऊन बसली. ती माणसासारखी बोलत होती.

"हौसाई, मी सांगते तशा तीन पारखी कर. त्याला खायला काय आवडतं?"

"खर्डा आणि भाकरी."

"ती ठेव. जो खाईल तो तुझा."

हौसाईनं मिरच्या भाजून झणझणीत खर्डा कुटला आणि भाकरीवर घालून परात वाडग्यात ठेवली. क्षणात सारी परात शेळ्यामेंढ्यांखाली दिसेनाशी झाली. मग सगळे एकदम मागं सरले. कुणी शिंकलं, कुणी जीभ बाहेर काढून कुंपणाभोवती धावलं. पाण्याच्या डोणीवर इतकी झुंबड उडाली, की डोणी उलटली आणि वाडग्यात चिखल झाला. एक बोकड तेवढा बाजूला उभा होता. त्यानं भाकरीचा एक तुकडा तोंडात धरून आणला, हौसाईच्या पायाशी ठेवला आणि वाट पाहत राहिला.

"पाहिलंस?" साळुंकी म्हणाली. "तू आधी जेवावंस म्हणून थांबलाय."

हौसाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिच्या मनात आलं, हे आधी कधी थांबले होते?

दुसरी पारख मुंडाशाची. हौसाईनं घरधन्याचं मुंडासं वाडग्यात ठेवलं. एका शेळीनं त्याचं एक टोक धरलं, मेंढीनं दुसरं, आणि ओढाओढीत ते अख्खं उलगडलं. मग त्यात पाय अडकून पाचसहा जणी एका गाठोड्यात बांधल्यासारख्या कोसळल्या. उरलेली चिंधी शिंगांवर मिरवत एक मेंढा छपरावर गेला. तोच बोकड पुढं आला, खाली पडलेला तुकडा उचलला, दातांनी आणि खुरांनी त्याची नीट घडी घातली आणि तिच्यापुढं ठेवली.

बांधावरून राजा म्हणाला, "बाई, हा शहाणा दिसतो."

"तेच तर, महाराज," हौसाई पुटपुटली. "घडी घातली."

पौर्णिमा उजाडली. दिवस कलला तशी साळुंकी आली. "आता तिसरी पारख. जो तुझ्यापुढं गुडघे टेकील, त्याच्या डोक्यावर हात ठेव. वेळ थोडा आहे."

बोकड आला. त्यानं पुढचे दोन्ही गुडघे टेकले आणि मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांतून आसवं गळत होती. सूर्य डोंगराच्या माथ्याला टेकत आला होता. हौसाईचा हात पुढं झाला, आणि तिथंच थांबला. साळुंकीच्या पायाला तिला काळा दोरा दिसला.

"साळुंके, हा दोरा कसला?"

"दागिना."

"पाखरं दागिने कधीपासून घालायला लागली?"

साळुंकीनं पंखात चोच खुपसली. हौसाईनं बोकडाकडं पाहिलं, चिखलाकडं पाहिलं, छपरावर लोंबणाऱ्या चिंधीकडं पाहिलं. इतक्या दिवसांची भीती, जागरण आणि राग तिच्या तोंडावाटे बाहेर पडला.

"काय मेली दशा केलीत घराची! नवं मुंडासं फाडलंत, ते शिवायचं कुणी? छप्पर खाल्लंत, पावसात झोपायचं कुठं? खुंटी नंतर ठोका म्हणाले होते मी, आधी जेवून घ्या म्हणाले होते. ऐकलंत? कधी ऐकलंत माझं? मी म्हणजे वाडग्याचं कुंपण, असलं काय नि नसलं काय!"

शेळ्या माना वर करून ऐकू लागल्या. मेंढ्या छपरावर खिळल्या. गुडघे टेकलेला बोकड तिच्या शब्दाशब्दाला मान हलवू लागला. फक्त शिंगांवर चिंधी मिरवणारा तो मेंढा छपरावरून धपकन खाली उतरला. त्यानं हौसाईकडं पाठ फिरवली, सावकाश चालत बाभळीखाली गेला आणि डोळे मिटून रवंथ करत बसला.

"हो, जा तिकडंच!" हौसाई ओरडली. "बोलायला लागलं की झालीच पाठ..."

आणि ती मध्येच थांबली. लग्न झाल्यापासून तिनं तोंड उघडलं की घरधनी त्याच बाभळीखाली, तसाच पाठ करून बसत आला होता.

ती बाभळीकडं धावली. बोकड तिच्या आडवा आला आणि माणसाच्या आवाजात ओरडला, "हौसा, मी इथं आहे! मी तुझा धनी!"

"माझ्या धन्यानं मला नावानं कधी हाक मारली नाही," हौसाई म्हणाली. "'अगं, ऐकलंस का' म्हणतात. व्हा बाजूला."

तिनं मेंढ्याच्या डोक्यावर हात ठेवला. सूर्याची नुसती कड उरली होती. लाजेनं तिचं तोंड लाल झालं, जीभ अडखळली. समोर राजा उभा, मागं सारा कळप. अखेर तिनं डोळे मिटले आणि म्हणाली:

"बाभळीच्या सावलीत उन्हाची नाही झळ,
तिथं रुसून बसलंय माझ्या नशिबाचं फळ;
बोलले मी टाकून, त्यांनी ऐकलं नाही काही,
धुळाप्पांना सोडून मला दुसरं कुणी नाही."

खणकन घंटा वाजली. बाभळीखाली धुळाप्पा बसला होता, डोक्याला चिंधी, गळ्यात सोन्याची घंटा.

घंटा वाजताच बोकडाच्या तोंडून आपोआप निघालं, "मी भस्मकेश. घंटा मी चोरली." बोलताबोलता त्याचं कातडं गळून पडलं आणि राखेच्या केसांचा एक म्हातारा तिथं उकिडवा बसलेला दिसला. साळुंकीच्या पायाचा दोरा तुटला. "मला बांधून बोलायला लावत होता," एवढंच ती म्हणाली आणि उडून गेली. पुढं ती साध्या साळुंक्यांसारखी किलबिलली.

राजानं तिथंच निवाडा दिला. "भस्मकेश, आधी यांचं मुंडासं शीव. मग छप्पर शाकार. मग माझ्याबरोबर चल, आणि रोज घंटेखाली बसून येईल त्याला आपली गोष्ट सांग."

तेवढ्यात छपरावर आकांत उसळला. काळ्या पुन्हा काळ्या झाल्या होत्या, तांबड्या तांबड्या, आणि मेंढ्या पुन्हा मेंढ्या. आपण एवढ्या उंचावर आहोत हे त्यांना आत्ता कळलं होतं. शेळ्यांनी मात्र बांधावर जाऊन राजाचा तंबू खायला घेतला.

धुळाप्पा उठला. गळ्यातली घंटा काढून त्यानं राजाच्या हातात दिली. मग तो बायकोजवळ आला.

"अगं, ऐकलंस का? मघाशी तू काय म्हणालीस? परत म्हण की."

"एकदा म्हटलं तेवढं पुरे," हौसाई पदर सावरत म्हणाली. "आधी त्या मेंढ्या उतरवा."

धुळाप्पानं सवयीनं बाभळीकडं पाहिलं. मग त्याची नजर राजाच्या हातातल्या घंटेवर गेली. तो मुकाट्यानं शिडी आणायला गेला.

ज्या घरात हरवलेलं माणूस असं ओळखून परत आणलं जातं, त्या घराचं छप्पर कधी न गळो. आणि दूर कुठं घंटा वाजलेली ऐकू आली, तर ऐकणाऱ्यानं खरं तेच बोलावं.