सगुणाचा चाळीस तळ्यांचा साचा

त्या राज्यात वाट विचारणाऱ्याला कोणी रिकामं पाठवत नसे. दूरदेशीचे पक्षी नदीकाठच्या थोरल्या झाडावर उतरत, तळ्याचं नाव सांगत आणि त्या तळ्याची टोपली वर येई. तिच्यात तिथलं गवत, तिथलं बी आणि चिमूटभर ताजा चिखल. चिखल ओला असेल तर तळ्यात पाणी आहे, एवढं पिल्लांनाही कळे.

टोपलीत काय असावं याचे साचे फांद्यांवरच्या सुगरणी विणत, आपल्या हौसेनं. मुळांतले खेकडे साचा पाहून तळ्यांपर्यंत गेलेले दोर ओढत आणि टोपली भरून वर पाठवत. सुगरणी कधी खाली उतरत नसत, खेकडे कधी वर चढत नसत.

सगुणा ही सुगरणींमधली सर्वांत हुशार. तिनं असा साचा विणला, की कुठलंही एक तळं मागा, टोपलीत राज्यातल्या चाळीसही तळ्यांचा चिखल ओळीनं मांडून यावा. पाहुण्यांनी ताडून पाहावं, मग निघावं. साचा सगळ्या सुगरणींनी उचलला. सगुणा आठवडाभर मान ताठ करून फिरली.

मग टोपल्या रखडू लागल्या. आधी थोडा वेळ, पुढे दुपार उलटेपर्यंत. एके दिवशी टोपलीबरोबर खेकड्यांची पाटी वर आली : ‘सातपेक्षा अधिक ताणाचे साचे लवकरच बंद.’ ताण म्हणजे काय, हे पाटीवर नव्हतं.

“राबायचं आम्ही आणि हुकूम यांचे!” सगुणा कडाडली आणि तिनं पाटी उचलून नदीत टाकली.

त्याच दिवशी करकोच्यांचा थवा आला. त्यांनी टोपलीची वाट पाहिली. ऊन कलू लागलं तसा त्यांचा म्होरक्या म्हणाला, “चला, अंदाजानं जाऊ.” तिसऱ्या दिवशी ते परतले, पायांवर धूळ, चोची उघड्या. तळं कोरडं निघालं होतं. दोन म्हातारे तिथेच बसून राहिले होते. त्यांच्यात उडायचं बळ नव्हतं.

सगुणानं हे सगळं फांदीवरून ऐकलं. ती खाली उतरली.

मुळांत भिवा नावाचा खेकडा दोर ओढत होता. त्याची एक नांगी सोलवटली होती.

“भिवादादा, एका टोपलीला किती दोर?”

“तुमच्या साच्यापासून चाळीस, ताई. दर टोपलीला.”

“दर टोपलीला? मला वाटलं, एकदा ओढले की झालं.”

“विचारलंत कधी?”

“सांगितलंत कधी?”

“पाटी पाठवली होती की.”

“त्या पाटीतलं अक्षरही कळलं नाही आम्हाला.”

भिवा थबकला. त्याला ती पाटी अगदी सोपी वाटली होती : एक ताण म्हणजे ओढायचा एक दोर.

सगुणानं तिथे मुळांशी टांगलेल्या आपल्या साच्याला चोच लावली. “उसवते मी हा.”

एवढ्यात वरून म्होरक्याची हाक आली : “त्या कोरड्या तळ्याजवळ पाणी कुठे आहे, कोणी सांगेल का?”

“हे एका तळ्याच्या टोपलीतून कसं कळणार?” भिवा पुटपुटला. मग सावकाश म्हणाला, “उसवू नका, ताई. चाळीस दोर रोज सकाळी एकदाच ओढू. चिखल सालीवर मांडून ठेवू. साच्यानं तिथे बघावं, तळ्यावर धावू नये.”

सगुणानं चाळीस गाठी सोडल्या आणि त्यांच्या जागी एकच मारली. बाकीच्या खेकड्यांनी दोर ओढून चिखल सालीवर मांडला. टोपली भरून गेली ती म्होरक्यानं पंख मिटायच्या आत त्याच्यासमोर होती. तेविसाव्या तळ्याचा चिखल ओलाकच्च होता आणि ते तळं म्हाताऱ्यांपासून दोन टेकड्या पलीकडे होतं. थवा तसाच उडाला. चार दिवसांनी तो झाडावरून गेला, तेव्हा त्यात दोघे म्हातारे होते, मागून का होईना.

हल्ली त्या खोडाच्या मधोमध सालीची एक ढलपी बाहेर आलेली दिसते. पाहुणे टोपल्या घेऊन निघून जातात, तिकडे कोणी बघत नाही. तिथे एक सुगरण खाली वाकलेली असते आणि एक खेकडा, चढून आल्यानं धापा टाकत, नांगी वर करून म्हणत असतो, “ही गाठ कशाला?”

“थांबा,” सुगरण म्हणते, “दाखवते.”