लंगोटाचं कापड

"मग हे तरी चालेल ना, महाराज?"

विश्वंभरने तिसरं कापड पुढे केलं. पहिलं रेशमी होतं, दुसरं कोरं मांजरपाट. दोन्ही दाजीमहाराजांनी बाजूला सारली होती. लंगोटाच्या कापडासाठी एवढा खल कशाला, म्हणून विश्वंभर आतून धुमसत होता. उद्या सकाळी मठाची गादी त्याला मिळायची होती, आणि आज त्याच्या वाट्याला हे काम!

मठाच्या ओसरीवर खडी फोडणारी ठकूबाई बसली होती. मांडीवर वीस दिवसांची पोर. जवळ दुसरं काही नाही म्हणून तिने आपल्या नायलॉनच्या साडीचेच लंगोट केले होते. पोरीच्या मांड्या सोलून निघाल्या होत्या. रडून रडून आता तिला आवाजही फुटत नव्हता.

"उंची मलमल आहे," विश्वंभर म्हणाला. "माझ्या गादीवर अंथरायला आणलेली. तीसुद्धा मी देतोय."

त्या 'मी'वर जरा जास्तच जोर पडला.

महाराजांनी मलमलीवर ओंजळभर पाणी ओतलं. पाणी आत न शिरता वरूनच घरंगळलं.

"खळ आहे. पापणीला लावून बघ."

विश्वंभरने लावलं. टोचलं.

"धुतलं की मऊ होईल..."

"किती वेळा?"

"असेल... वीस-पंचवीस वेळा."

"तोवर पोरीनं काय करायचं?"

ठकूबाईने पदराने पोरीला वारा घातला.

"म्हणजे जुनं सुती हवं," विश्वंभर पुटपुटला. "खूप वापरलेलं, खूप धुतलेलं. पण मठात असं कापड कुठलं..."

बोलता बोलता त्याची नजर महाराजांच्या अंगाकडे गेली आणि तिथेच खिळली.

महाराजांच्या अंगात कफनी होती. मठाच्या मूळपुरुषाची. तीन गुरूंनी घातलेली, रोज नदीवर धुतलेली, विरून सायीसारखी मऊ झालेली. गादीवर बसणाऱ्याने तीच घालायची, अशी मठाची रीत. उद्या ती विश्वंभरच्या अंगावर चढायची होती. सोळा वर्षं त्याने या दिवसाची वाट पाहिली होती.

महाराजांनी कफनी डोक्यावरून काढली. काठ दातांत धरला.

टर्रर्र...

विश्वंभर ताडकन पुढे झाला. हात धरावा, तर गुरूचा हात धरायचा कसा?

महाराज एकेक पट्टी फाडत राहिले. बारा लंगोट झाले. ठकूबाईने घाबरत घाबरत त्यातला एक पोरीला बांधला. पोरीने दोन हुंदके दिले... आणि डोळे मिटले.

"महाराज..." विश्वंभर म्हणाला. "उद्या सगळ्या गावापुढे मी... काय घालून बसू?"

महाराजांनी उरलेले लंगोट ठकूबाईच्या ओटीत टाकले.

"पोर चालायला लागली, की हेच मागून घे... आणि बस."