अर्ध्या घटकेचं माप

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात रायाजी नावाचा एक पाटकरी राहत असे. तळ्याचं पाणी पाटाने सात शेतांना वाटून देणं हे त्याचं काम. पाण्याच्या पाळीच्या दिवशी तळ्याचं दार सूर्योदयाला उघडे आणि सूर्यास्ताला बंद होई. उभ्या पिकाच्या दर बिघ्याला अर्धी घटका पाणी, अशी गावाची रीत होती. वेळ मोजायला त्याच्याकडे तांब्याची एक वाटी होती, तळाला बारीक भोक असलेली. पाण्याच्या घंगाळात ठेवली की ती हळूहळू भरून बुडे. बुडाली की एक घटका झाली. मग रायाजी थाळीवर टोला देई.

वाटी बुडाली हे कुणालाही दिसतं. पण ती नेमकी अर्धी कधी भरली, हे कोण सांगणार? म्हणून रायाजीच्या आजोबांनी एक सोपा नियम घालून दिला होता. कुणाच्या वाट्याला अर्धी घटका आली, की ती वर न्यायची. साडेतीनच्या चार करायच्या, अडीचच्या तीन. लोक खूश असत. "रायाजीचा हात सढळ," असं म्हणत. रायाजीलाही ते ऐकायला आवडे.

पाटाच्या अगदी शेवटी चिंधाबाईचं शेत होतं. नवरा गेल्यावर ती एकटीच ते कसत असे. दरवर्षी तिचा गहू गुडघ्याएवढा होई आणि पिवळा पडे. जमीनच हलकी, असं सगळे म्हणत. रायाजीने तर दोनदा तिला शेणखत वाढवायचा सल्लाही दिला होता.

पाण्याच्या एका पाळीच्या दुसऱ्या दिवशी चिंधाबाई सकाळीच त्याच्या दारात आली.

"रायाजीभाऊ, बारा बिघ्यांच्या माझ्या सहा घटका होतात ना?"

"होतात की."

"काल माझ्या पाण्यावर तीनच टोले पडले. तेवढ्यात सूर्य मावळला आणि तळ्याचं दार बंद झालं."

रायाजीचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी पाणी चोरलं म्हणता?"

"नाही हो. मी फक्त मोजलं." जाता जाता ती म्हणाली, "यंदाही गहू गेला तर मी हे गाव सोडीन. रिकाम्या हातांनी किती वर्षं राबायचं?"

रायाजी सकाळभर धुमसत राहिला. दुपारी मात्र त्याने मूठभर चिंचोके घेतले आणि ओसरीवर मांडले. आधीच्या सहा शेतांचा हक्क होता साडेतीन, अडीच, साडेचार, साडेपाच, साडेचार आणि साडेतीन. बेरीज चोवीस. त्याने दिल्या होत्या चार, तीन, पाच, सहा, पाच आणि चार. बेरीज सत्तावीस. दिवसाच्या घटका तीस. चिंधाबाईला उरल्या तीन.

त्याने पुन्हा मोजलं. प्रत्येकाला अर्धीच जास्त गेली होती, पण सहा अर्ध्या मिळून एका बाईच्या तीन घटका झाल्या होत्या. आणि अडीचचं शेत त्याचं स्वतःचं होतं.

दुसऱ्या कुणीच हे मोजलं नव्हतं. तो गप्प राहिला असता तर चिंधाबाई निघून गेली असती आणि विषय संपला असता. पण त्याला आपला शेणखताचा सल्ला आठवला, आणि मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने पारावर सगळ्यांसमोर चिंचोके मांडले.

"मग सगळ्यांची अर्धी सोडूनच दे," एक शेतकरी म्हणाला.

"मग तुमच्या तीन घटका बुडतील. चूक तीच, फक्त उलटी."

"तूच बघून ठरव, कुणाला वर, कुणाला खाली."

"ते तर मुळीच नको. उद्या मी माझ्या मेहुण्याला वर नेलं, तर तुम्ही काय म्हणाल?" रायाजी म्हणाला. "अर्धी आली, की जवळच्या सम आकड्याकडे जायचं. साडेतीनच्या चार, साडेचारच्याही चारच. कुणी वर जाईल, कुणी खाली. आकडा ठरवील, मी नाही."

"म्हणजे माझी अर्धी गेली?" साडेचारवाला कुरकुरला.

"माझीही गेली. अडीचच्या दोन. पुढच्या हंगामात पेरलेले बिघे बदलतील, आकडा बदलेल, तेव्हा आपली वरही जाईल. दर वेळी तंतोतंत जुळेलच असं नाही. पण तूट दर वेळी एकाच शेतावर तर पडणार नाही."

पुढच्या पाळीला घटका दिल्या चार, दोन, चार, सहा, चार आणि चार. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा चिंधाबाईच्या पाण्यावर सहावा टोला पडला. पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचलं होतं.

त्या वर्षी तिचा गहू कमरेएवढा झाला. रायाजीचा हरभरा थोडा उतरला. ओंब्या भरल्या तेव्हा तो तिच्या बांधावर जाऊन उभा राहिला.

"चिंधाबाई, जमीन हलकी नव्हती. माझं माप चुकत होतं."

चिंधाबाईने चार हिरव्या ओंब्या खुडल्या आणि त्याच्या हातात दिल्या. "भाजून खा, भाऊ," ती म्हणाली, आणि पुन्हा कामाला लागली.

तात्पर्य: सगळ्यांना थोडं थोडं जास्त देताना ते कुणाच्या वाट्यातून जातं, हेही मोजावं; ज्या नियमातली चूक एकाच्याच माथी साचत जाते, तो नियम कितीही उदार दिसला तरी न्यायाचा नसतो.