मिरीताईचं जांभळं फूल

घाटातलं रान. करवंदीची जाळी. जाळीखाली इवलंसं बीळ. बिळात राहायची मिरीताई मुंगी आणि तिचा धाकटा भाऊ टिकलू.

ताई रानातून बी आणायची. जांभळ्या फुलाचं बी. बीला चिकटलेला असायचा गोड गोड खाऊ. अर्धा ताईला, अर्धा टिकलूला. खाऊ संपला की ताई बी टाकायची दाराबाहेरच्या कचऱ्यात.

एकदा कचऱ्यातलं बी रुजलं. जांभळं फूल आलं!

मग एक दिवस ताई बी आणायला गेली. आली नाही. आलीच नाही.

आणि फुलाने मान टाकली.

टिकलू म्हणाला, "फुला फुला, मान उचल!"
फूल म्हणालं, "पाणी नाही. ओहळाला सांग."

टिकलू निघाला. तुरु तुरु तुरु!

"ओहळा ओहळा, पाणी दे. फूल मान उचलत नाही. माझ्या ताईचं फूल!"
ओहळ म्हणाला, "माझ्या वाटेत काटकी अडकलीय. खेकड्याला सांग. पण तू केवढासा! ताईला पाठव."
"ताई नाही! मीच आलोय!"

तुरु तुरु तुरु!

"खेकडोबा खेकडोबा, काटकी काढ. ओहळ पाणी देत नाही. फूल मान उचलत नाही. माझ्या ताईचं फूल!"
खेकडा बिळातून म्हणाला, "माझ्या दारावर पान पडलंय. भलंमोठं! वाऱ्याला सांग. आणि ओरडू नकोस रे, मुंगीएवढा जीव! ताईला पाठव."
"ताई नाही! मीच आलोय!"

तुरु तुरु तुरु!

"वारेदादा वारेदादा, पान उडव. खेकडा काटकी काढत नाही. ओहळ पाणी देत नाही. फूल मान उचलत नाही. माझ्या ताईचं फूल!"
वारा झाडीत लोळत होता. म्हणाला, "शीळ ऐकल्याशिवाय मी उठत नाही. कस्तुर पक्ष्याला सांग. नाहीतर ताईला पाठव."
"ताई नाही! मीच आलोय!"

कस्तुर बसला होता उंच फांदीवर. निळा निळा. गप्प गप्प. टिकलू झाडावर चढला. तुरु तुरु... घसरला. पुन्हा चढला. तुरु तुरु तुरु!

"कस्तुरमामा कस्तुरमामा, शीळ घाल. वारा पान उडवत नाही. खेकडा काटकी काढत नाही. ओहळ पाणी देत नाही. फूल मान उचलत नाही. माझ्या ताईचं फूल!"

कस्तुर म्हणाला, "शीळ कुणासाठी घालू? ऐकायला कुणीच नाही. ताई कुठे तुझी?"

टिकलू ओरडला नाही. हळूच म्हणाला, "ताई गेली."

कस्तुरने मान वाकवून त्याच्याकडे पाहिलं.

मग टिकलू म्हणाला, "मी ऐकतो ना."

तो फांदीवर बसला. अगदी जवळ.

कस्तुरने शीळ घातली. फीऽऽ फी फी!

वारा उठला. सूंऽऽ!
पान उडालं. भिर्रर्र!
खेकडा निघाला. खुडखुड खुडखुड!
काटकी सुटली. खट्!
ओहळ धावला. खळखळ खळखळ!
पाणी मुळाशी गेलं. झुळझुळ झुळझुळ!
आणि फुलाने मान उचलली. हळू... हळू... वर!

मग पाकळ्या गळल्या. राहिली हिरवी कुपी. कुपी फुगली. कुपी फुटली. टक्क!

टिकलूसमोर बी पडलं. गोड खाऊ लावलेलं बी!

टिकलूने बी ओढलं. हुप्प! हुप्प! दारापर्यंत आणलं. अर्धा खाऊ खाल्ला. अर्धा ठेवला.

"ताई, तुझा वाटा!"

वाट पाहिली. खूप पाहिली. ताई आली नाही.

टिकलूने बी कचऱ्यात टाकलं. ताईच्या झाडाशेजारी. ताईचा वाटा बीवर तसाच राहू दिला. वरून थोडी माती लोटली. आणि बसून राहिला.

वरून शीळ आली. फीऽऽ फी फी!

"ऐकतोय रे मामा," टिकलू म्हणाला. "ऐकतोय."