दोन मिनिटांचा निकाल

“किती वेळ ऐकलंस त्याचं?” अप्पांनी विचारलं.

“दोन मिनिटं,” मृणाल अभिमानाने म्हणाली.

मेजर मृणाल सुर्वे. चेन्नईच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडली, दहा वर्षं वर्दीत काढली आणि गेल्याच महिन्यात सेवा संपवून घरी आली. आता तिला कायदा शिकायचा होता. प्रवेश परीक्षेत गुणही झकास पडले होते. अर्जासोबत एक निबंध जोडायचा होता, ‘मला वकील का व्हायचंय?’

तो एका बैठकीत लिहून ती सकाळीच साताऱ्याला थडकली होती, अप्पा चांदोरकर वकिलांकडे. चाळीस वर्षं कोर्टात उभा राहिलेला हा म्हातारा ‘बरं लिहिलंयस’ म्हणाला की अर्ज टाकायचा. बसायलाही धीर नव्हता. निबंध तिने उभ्यानेच वाचून दाखवला.

निबंधात भगीरथ मेश्राम होता, तिच्या कंपनीतला जवान. रजेवरून चार दिवस उशिरा आला. तिने दोन मिनिटांत त्याचं ऐकून तिथल्या तिथे शिक्षा ठोठावली. पुन्हा कंपनीत कोणाची उशीर करायची छाती झाली नाही. न्याय असा झटपट हवा, असं तिने लिहिलं होतं.

“काय म्हणाला तो?”

“काही नाही. ‘चूक झाली, मॅडम.’ एवढंच.”

“उशीर कशाने झाला?”



अप्पा घेवड्याच्या शेंगा मोडत राहिले.

“ते मी विचारलं नाही.”

मृणाल भगीरथला फोन लावायला अंगणात गेली.

परत आली ती तासाभराने. डोळे लाल झाले होते, पण पाऊल भरभर पडत होतं.

“त्याच्या वडिलांना साप चावला होता, अप्पा. गावाला पुराचा वेढा. खाटेवर घालून दवाखान्यात नेलं त्यांना... वाचले. पण त्या शिक्षेपायी भगीरथची बढती अजून अडकलीय.”

ती अप्पांच्या समोर बसली.

“ती रद्द करून घेता येईल ना? दाद कुठे मागायची? चूक माझी होती असं मीच लिहून दिलं तर चालेल? कलम कुठलं लागतं? मला आजच लिहायचंय, अप्पा. आत्ताच.”

अप्पांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि एक कोरा कागद तिच्यापुढे ठेवला.

“वकील झालीस,” ते म्हणाले. “आता शिकायला जा.”