पायगतीचं लुगडं

तुमची तक्रार सूनबाईने सांगितली मला. खोलीतली मच्छरदाणी तीन बाजूंनी जाळीची आणि पायगतीला मात्र जुन्या लुगड्याचा तुकडा. "ठिगळाची मच्छरदाणी देता होय पाहुण्यांना?" असं तुम्ही म्हणालात म्हणे. रागावलो नाही हो मी! बसा, चहा येतोय. ऊन उतरेपर्यंत तुम्हाला तरी कुठे जायचंय?

या खारवणे बंदरात कुठल्याही घरात डोकावून बघा, हाच प्रकार दिसेल. दुकानातून नवी मच्छरदाणी आली की पहिलं काम कात्रीचं. पायगतीची जाळी कापायची आणि तिथे आईचं लुगडं जोडायचं. मुलगी सासरी निघाली की एक वेळ भांडी कमी देतील, पण ही मच्छरदाणी बरोबर जाणारच. बाहेरगावच्या सासवा नाकं मुरडतात. मुरडू देत. ही चाल एका गोऱ्या नाचणारणीमुळे पडली, असं सांगतात. मी सांगतो ते माझ्या आजोबांकडून ऐकलेलं. भिवा शिंपी त्यांचं नाव, गावातलं एकुलतं एक मशीन त्यांचं. मीही जन्मभर तेच चालवलं, तेव्हा कपड्याच्या गोष्टीत मी थापा मारणार नाही. बाकीच्याचा भरवसा तुम्हीच ठरवा.

पहिली मोठी लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली असतील, दुसरीची कुणाला कल्पनाही नव्हती. इथे तेव्हा संस्थान होतं. राजेसाहेब हौशी माणूस. विलायतेत बॅले बघून आले आणि वेडावले. बॅले म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायचं. मुंबईत तसल्या नाचाची एक फिरती कंपनी आल्याचं कळलं, तसं त्यांनी बोलावणं धाडलं. खेळ बंदरावरच्या बंगल्यात, कंपनी पोचल्यापासून चौथ्या दिवशी.

कंपनी आगबोटीने आली. आगबोट तेव्हा धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, सामान पडावातून किनाऱ्याला यायचं. एक पेटी पडावात उतरवताना लाट उसळली आणि पेटीत खारं पाणी शिरलं. पेटी होती वेराची.

ही वेरा रशियातली. तिकडे राज्यक्रांती झाली तेव्हा आईचा हात धरून घरदार सोडून पळालेली. वाटेतच कुठेतरी आई तापाने गेली. जाण्याआधी तिने लेकीला वाढत्या अंगाचा नाचाचा झगा शिवून दिला होता. त्याला ते लोक टुटू म्हणतात. हसा, हसा, आजोबाही हसले होते. वर घट्ट चोळी, कमरेला चार बोटं रुंद पट्टा आणि पट्ट्याखाली पांढऱ्या जाळीचे थरावर थर. वेराचा टुटू जुन्या धाटणीचा होता, घंटेसारखा पसरून पोटऱ्यांपर्यंत येणारा. तोवर तिकडे नवी टूम निघाली होती. झगा आखूड झाला होता आणि कमरेतून ताटासारखा आडवा उभा राहायला लागला होता. आणि नाचाबाहेर, रोजच्या वापरात तर त्या वर्षांत बायकांच्या कपड्यांतून कंबरच गायब! सरळ पिशवीसारखे झगे, खाली लोंबते मणी, केस मानेपर्यंत कापलेले. कंपनीतल्या बाकीच्या पोरी तशाच हिंडायच्या. आजोबा बघून म्हणाले, "कंबर नाही तर शिवायचं काय? गोणपाट?"

वेराला टुमेशी देणंघेणं नव्हतं. आईच्या तिथीला ती दर साल तोच झगा घालून नाचायची. तिचं श्राद्धच ते, दुसरं काय! आणि त्या साली खेळाचा दिवस नेमका तिथीचाच आला.

झग्यावर खाऱ्या पाण्याचे डाग पडले होते. तो साफ करायला दिला आवडी परटिणीकडे. आवडीची धुलाई साऱ्या संस्थानात नावाजलेली. तिच्या हातचं लुगडं सायीसारखं मऊ व्हायचं. तिने झगा हातात घेतला तर जाळी कडक, बोटांना टोचणारी. तिला वाटलं, मीठ सुकून कापड असं झालं. आता नाचाच्या जाळीला मुद्दाम खळ देऊन कडक करतात, हे त्या बिचारीला कुणी सांगावं? तिने झगा रिठ्याच्या पाण्यात भिजवला, दगडावर आपटला, पुन्हा भिजवला, पुन्हा आपटला. दुसऱ्या दिवशी सकाळी घडी घालून मोठ्या अभिमानाने बंगल्यावर घेऊन आली. "बघ बाय, कसा मऊसूत झाला!"

वेराने घडी उलगडली. चोळी आणि पट्टा धड होते. खाली मात्र फाटक्या जाळ्यासारख्या चिंध्या लोंबत होत्या.

ती पायरीवर बसली आणि पट्ट्यावरून बोट फिरवत राहिली. कंपनीचा मॅनेजर म्हणाला, बरं झालं, असली घंटा आता कोण घालतं, मण्यांचा झगा घालून नाच. ती नाही नाही अशी मान हलवत राहिली. पियानो वाजवणारा साल्वादोर गोव्याचा होता, कंपनीबरोबर हिंडून हिंडून त्याला दोघींची भाषा येई. त्याने आवडीला समजावून सांगितलं : तिच्या आईच्या हातचं एवढंच उरलं होतं. परवा आईची तिथी. ती या झग्याशिवाय नाचायची नाही.

ते ऐकलं तशी आवडी निघाली ती थेट आजोबांच्या दुकानात. "भिवाशेट, अशी जाळी खंय गावतली?"

आजोबांनी डोकं खाजवलं. कापडबाजार तालुक्याला, जाऊन यायला दोन दिवस. गावात जाळी एकाच ठिकाणी होती. आदल्या साली हिवतापाची साथ आली होती, तेव्हा दरबाराने पाच बाळंतिणींना मच्छरदाण्या दिल्या होत्या. आजोबांनी ते सांगितलं आणि लगेच म्हणाले, "पण ते नको गं. तान्ही पोरं आहेत."

आवडी पाचही दारांत गेली. पदर पसरून तिने फक्त पायगतीची जाळी मागितली. कुणी सुखाने दिली नाही हो, खोटं कशाला सांगू! एकीने तर दार लावून घेतलं. पण आवडी उंबऱ्यावरून हलेना. "दिवस मावळायच्या आत बाजू बंद करून देतंय," म्हणाली, "नाय दिली तर माझ्या तोंडात शेण घाल." शेवटी पाचही मच्छरदाण्या दुकानात आल्या. आजोबांनी पायगती उसवल्या आणि विचारलं, "आता ह्या बंद कशाने करणार?" कापड त्यांच्याकडे नव्हतंच. गिऱ्हाईक आणील ते शिवायचं, असा त्यांचा धंदा.

आवडी घरी गेली आणि एक गाठोडं घेऊन आली. आत हिरवं नऊवारी, लाल काठांचं. तिच्या आईचं, लग्नातलं. आई जाऊन वीस वर्षं झाली होती, पण आवडीने ते कधी नेसलं नव्हतं. वर्षातून एकदा उन्हात घालायची, वास घ्यायची आणि परत घडी करून ठेवायची. साऱ्या गावाला ते माहीत होतं. आजोबांनी कात्री बाजूला ठेवली. म्हणाले, "मी नाही कापणार."

तेवढ्यात वेरा साल्वादोरबरोबर तिथे आली. काय चाललंय ते कळताच तिने आवडीचा हात धरला आणि आपल्या भाषेत नको, नको म्हणायला लागली. आवडीने हात सोडवून घेतला. "तुझ्या आवशीचा मी फाडलंय," ती म्हणाली, "आता माझ्या आवशीचा फाडतंय." साल्वादोरने ते वेराला सांगितलं, आवस म्हणजे आई, असंही. आवडीने काठाला दात लावला आणि टर्रकन लुगडं फाडलं. आजोबा म्हणायचे, जन्मभर कापड फाडलं मी, पण तसा आवाज पुन्हा ऐकला नाही.

दिवस मावळायच्या आत पाचही पायगती बंद झाल्या. लुगड्यातून मूठभर तुकडा उरला.

दुसऱ्या दिवशी झग्याचं काम. मच्छरदाणीची जाळी ती केवढीशी! पट्ट्या दीड-दोन वितींच्याच निघाल्या. आजोबांनी त्यांच्या चुण्या घातल्या आणि सहा थर वेराच्या आईने शिवलेल्या पट्ट्याखाली जोडले, तिचा एकही टाका न उसवता. मग आवडीने उकड्या तांदळाची घट्ट पेज गाळली, थर तिच्यात बुडवले आणि उपड्या टोपल्यांवर पसरून उन्हात वाळवले. जन्मभर कपडे मऊ करणाऱ्या बाईने तो झगा असा ताठ केला की ताटासारखा आडवा उभा राहिला. लांबी न पुरल्याने का होईना, खारवण्यात पॅरिसची नवी टूम अवतरली! मॅनेजर टाळ्या पिटायला लागला. वेराने घालून बघितला तशी आवडीने तोंडाला पदर लावला. "अगो बाय! पाय दिसतत सगळे!" तीन दिवसांत वेरा पहिल्यांदा हसली ती तेव्हा. मग आवडीने तो उरलेला मूठभर हिरवा तुकडा पट्ट्याच्या आतून, पाठीकडे, आपल्या हाताने टाचला. टाके वेडेवाकडे पडले. आजोबा नीट करू लागले तर वेराने करू दिले नाहीत.

खेळ झाला. कशी नाचली ते मला विचारू नका, आजोबांना वर्णन करता यायचं नाही. ते फक्त म्हणायचे, पाय जमिनीला लागल्याचा आवाज आला नाही. नाच संपला की राजेसाहेबांना मुजरा करायचा, असं ठरलं होतं. वेरा विसरली. मुदपाकखान्याच्या दाराशी आवडी उभी होती, तिथे ती धापा टाकत गेली आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. आवडीला कळलं. तो हिरवा तुकडा जिथे होता तिथे तिने तळहात ठेवला.

कंपनी गेली. वेराचं पुढे काय झालं, कुणाला ठाऊक नाही. त्या पावसाळ्यात हिवताप पुन्हा आला, पण त्या पाच घरांतल्या एकाही पोराला त्याने शिवलं नाही, म्हणे. दरबाराने नव्या मच्छरदाण्या पाठवल्या, तेव्हा त्या पाच बायकांनी नव्यांची पायगत कापली आणि आवडीच्या आईचं लुगडं तिथे जोडलं. ते विरलं तसं प्रत्येकीने आपल्या आईचं लावलं. मग त्यांच्या लेकींनी यांचं, आणि बघता बघता साऱ्या गावाने.

आजही खारवण्यात कुणाची आई गेली की तिची लुगडी वाटून टाकतात, पण एक ठेवतात. ते कशासाठी, हे सांगावं लागत नाही.

तुमच्या खोलीतली पायगत निळी आहे ना, बारीक ठिपक्यांची? माझ्या आयेचं लुगडं आहे ते. गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. शिवलं आजोबांनी, दोरा मी ओवून दिला. साठ वर्षं मीच झोपत होतो त्याखाली. आता खोली पाहुण्यांना द्यायची ठरली, तेव्हा सूनबाई म्हणाली, आबा, ते काढून ठेवूया. मी म्हटलं, राहू दे. दुसऱ्यांच्या पोरांनाही झोपू दे की तिच्या पायाशी.

पण तुम्हाला नकोच असेल तर तसं सांगा. शेजारच्या लॉजमध्ये अख्ख्या जाळीची आहे, आणून देतो. नको म्हणता? बरं. मग चहा घ्या आधी, निवतोय.